मालक नाही म्हणून हक्क नाही?

वस्तीत आम्ही ई-श्रम कार्डाचं शिबिर घेतलं. भाजीची गाडी लावणाऱ्या, ४५ वर्षांच्या एका ताईंनी कार्ड हातात घेऊन विचारलं, "म्हातारपणी याचं काय मिळणार?" आम्ही गप्प झालो.

२०१९ मध्ये आलेल्या श्रमयोगी मानधन योजनेत नाव नोंदवायचं वय १८ ते ४०. म्हणजे ताई बाद. चाळिशीत नाव नोंदवणाऱ्याने दरमहा २०० रुपये भरायचे, सरकार तेवढेच घालणार, साठीनंतर महिना ३००० पेन्शन. पावसात गाडी लागली नाही तरी हप्ता चुकत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कामगार विम्याची आखणी त्याच काळात झाली, कायदा १९४८ मध्ये आला. त्या विम्यात मालकाला वर्गणी भरावीच लागते. ताईंना मालकच नाही, मग तो हिस्सा कोण भरणार? २०२० ची स्वनिधी योजना फेरीवाल्यांसाठीच, पण तिथेही हाती पडतं ते कर्ज.

मित्रांनो, नोकरीची दारं पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिली म्हणून आपली माणसं गाडीवर आली. आम्हीही कार्डं वाटून, फोटो काढून समाधान मानलं, ही आमची चूक. मालक नसेल तिथे त्याचा हिस्सा सरकारने भरावा आणि वयाची अट काढावी, ही मागणी घेऊन पुढचं शिबिर तहसील कचेरीसमोर. ताई येणार आहेत. तुम्ही?

जय भीम!