आबा पेन्शनवर आले तेव्हा

आबांचा विषय निघाला की आमच्या घरात अजून दोन तट पडतात. वडील, काका आणि आत्या म्हणतात, आबा भारी कडक. आम्ही नातवंडं म्हणतो, त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. थोरल्यांनी सुट्टीवर आलेले आबा पाहिले आणि आम्ही पेन्शनवरचे, म्हणून हा फरक.

1963 साली ते बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये भरती झाले. आदल्या वर्षी चीनशी युद्ध झालं होतं, फौजेला माणसं हवी होती. आणि घरात रान जिरायती, खाणारी तोंडं मात्र भरपूर. कोरेगाव-साताऱ्याच्या पट्ट्यात पलटणीत जाणं काही नवं नव्हतं. आज्जीचं माहेर तर अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. तिथल्या लेकीला फौजीची बायको म्हणून काय सोसायचं असतं, ते कुणी शिकवावं लागलं नाही.

आबा वर्षातून एकदा लांब सुट्टीवर येत. जम्मूकडे पोस्टिंग असलं की झेलम एक्स्प्रेसनं पुण्याला उतरायचं आणि तिथून पुढं गावाकडं. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आले की पोरांना रांगेत उभं करून नखं बघायची, पाढे विचारायचे. पोरं घाबरून असत. धाकटे काका तर आबा समोर बसलेले असतानाही खेळायला जायची परवानगी चुलत्यांना, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाला विचारायचे. ते आबांनी बघितलं होतं. बोलले काही नाहीत.

बाकीचं वर्ष म्हणजे ‘द्वारा 56 ए.पी.ओ.’ एवढा पत्ता आणि महिन्याची मनिऑर्डर. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असे, दोन-चार ओळी लिहिण्यापुरतं. पोस्टमन पैसे मोजून देई आणि कुपन फाडून हातात ठेवी. आज्जीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे वाचायचाही तोच. परक्या माणसाच्या तोंडून बायकोला काय सांगणार? आबांनी तिथं कामाचंच लिहिलं. पोरीची फी भर. बैलाला पेंड आण. आज्जीनं ती सगळी कुपनं तारेत ओवून खुंटीला अडकवून ठेवली होती. मी ती बघितली आहेत. शाई विटून तपकिरी झालेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. एकावर लिहिलं आहे, ‘दवाखान्यात जाऊन ये’, आणि त्याखाली दोन रेघा, इतक्या जोरात ओढलेल्या की कागद फाटलाय.

1971 च्या युद्धात ते पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत होते. या पलटणीनं रात्रीची ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्यापाठीमागं टांगाइलचा रस्ता अडवला. शरण या, म्हणून आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी धाडलेल्या पत्राला पलीकडच्या कर्नलनं कागदात गोळी गुंडाळून उत्तर पाठवलं. 10 डिसेंबरच्या रात्री ती फौज वेढा फोडायला मराठ्यांच्या मोर्च्यांवर चालून आली, पण मोर्चे हलले नाहीत. 16 डिसेंबरला पलटण ढाक्यात होती. हे सगळं आम्ही पुस्तकात वाचलं. आबांना विचारलं तर ते नदीचं पाणी किती गार होतं ते सांगत, आणि एका म्हातारीनं मूठभर भात दिला होता ते. घरची बाजू आज्जीकडून कळली. त्या महिन्यात पोस्टमनची सायकल दिसली की ती आत निघून जायची. कारण तार आली तर तीही तोच आणणार.

1981 ला आबा हवालदार म्हणून पेन्शनवर आले. पुढं दोन वर्षांत वाटणी झाली. थोरला म्हणून विहिरीकडचं रान त्यांना मिळणार, असं गाव धरून चाललं होतं. आबांनी ते धाकट्या भावाला दिलं. “मी पलटणीत होतो. माती ह्यानं कसली, पोरं ह्यानं वाढवली,” एवढंच पंचांपुढं बोलले. ढाक्याच्या स्वारीपेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो, आणि हे मी पूर्ण विचार करून म्हणतो.

मग सुरू झाली त्यांची घरातली नोकरी. पहाटे उठून बंब पेटवायचे, नातींच्या वेण्या घालायचे. घट्ट, सरळ, दोन्ही सारख्या लांबीच्या. कणीक मळायला त्यांना लाज वाटली नाही. चारचौघांनी नावं ठेवली, तरी पारावर जाताना कडेवर कुणीतरी नातवंड असेच. आणि दुपारी जेवणं झाली की ते आज्जीला वाचायला शिकवत. पुस्तक म्हणून तारेतली ती कुपनंच घेतली होती. आज्जी बोट ठेवून वाचायची, ‘बै-ला-ला पें-ड’, आणि मध्येच म्हणायची, “आवं, हे मला तोंडपाठ हाय की.” आबा म्हणत, “पाठ नगो. वाच.”

याचं कारण पुढं कळलं. आमच्या गावात एका फौजीच्या विधवेचं पेन्शन वर्षानुवर्षं अडकलं होतं, कारण फौजेच्या कागदांवर तिचं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. तिच्यासाठी अर्ज लिहून देता देता आबांनी स्वतःचे कागद तपासले. आज्जीच्या जन्मतारखेत चूक निघाली. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून त्यांनी ती दुरुस्त करून घेतली. बँकेत खातं दोघांच्या नावावर केलं, एकत्र फोटो काढला.

आबा गेल्यावर वडिलांनी फाईल उघडली. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, फोटो, सगळं ओळीनं. वर एक कागद, कुठल्या कार्यालयात आधी काय द्यायचं ते ठळक अक्षरात, आज्जीला वाचता येईल असं. तिचं पेन्शन कुठंही न अडता सुरू झालं. आता दर नोव्हेंबरला ती हयातीच्या दाखल्यासाठी स्वतः बँकेत जाते, आणि गावातल्या दुसऱ्या फौजींच्या विधवा तिच्यासोबत जातात. निघण्याआधी त्यांचे कागद आमच्या ओसरीवर मांडले जातात. आज्जी एकेक नाव बोट ठेवून तपासते.