शेवट कापू नकोस, चिमू

चिमू,

परवा तुझ्या परीक्षणाचा खर्डा वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘जाने भी दो यारो’ महाभारताच्या नाटकातल्या गोंधळावरच संपायला हवा होता, तुरुंगाच्या कपड्यांतला शेवट विजोड वाटतो, असं तू लिहिलंस? डिमेलो झालेल्या सतीश शहाचं प्रेत द्रौपदीच्या साडीत पाहून ठसका लागेपर्यंत हसणारी तू!

दोघा फोटोग्राफरांना फोटो मोठा करता करता खून सापडतो ते अंतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’चं विडंबन, हे तू छान उलगडलंस. शाबास. पण अगं, विडंबन ओळखलं म्हणजे चित्रपट कळला असं नव्हे.

१९८३ साली आम्ही तो पाहिला तेव्हा थिएटरात माणसं मोजकीच होती. दिग्दर्शक कुंदन शहांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रवी बासवानीला फिल्मफेअर मिळालं, तरी लोकांनी तो डोक्यावर घेतला फार उशिरा. आणि घेतला तोही ‘धमाल’ म्हणून! विनोद म्हणजे जेवणानंतरची बडीशेप, ही आपली जुनी खोड. तुझ्या आजोबांशी मी यावरून किती भांडलो, तुला ठाऊक आहे.

नीट आठव. तर्नेजा बिल्डर लाच देतो, कमिशनर डिमेलो ती खातो, आपण हसतो. रंगभूमीवरची ‘फुलराणी’ म्हणून जिच्यावर जीव टाकला ती भक्ती बर्वे इथे संपादक होऊन ब्लॅकमेल करते, तरी तिचा राग येत नाही. हसता हसता आपण एकेकाला माफ करत जातो. मग सगळे चोर एक होतात आणि पूल पडल्याचं खापर त्या दोन गरीब फोटोग्राफरांवर फुटतं. शेवटी ते दोघं तुरुंगाच्या कपड्यांत आपल्याकडे पाहत गळ्यावरून हात फिरवतात, तेव्हा आपल्या त्या माफीचा हिशेब होतो. तोच तुला कापायचाय?

२०१९च्या मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, माणसं गेली. त्या रात्री मला हाच शेवट आठवत होता.

ताई सांगत होती, तू हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर चित्रपट पळवत पाहतेस. डोळे सांभाळ, जेवण वेळेवर कर. घाईत पाहणाऱ्याला शेवट जड वाटतो, मला भीती त्याचीच आहे.

रविवारी ये. दोघं मिळून पाहू, न पळवता, अगदी शेवटापर्यंत. त्यानंतरही तुझं मत तेच राहिलं तर खुशाल छाप.

तुझा,
मामा