नरसापूरच्या सुईची मजुरी

'नगरसोल–नरसापूर' ही पाटी नांदेड स्टेशनावर आम्ही कितीदा तरी वाचली होती. नरसापूर नेमके कुठे, हे विचारायचे मात्र कधी सुचले नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळातील पाचजणी त्याच गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो.

निमित्त क्रोशाचे. वस्तीतल्या विहारात दुपारी आम्ही लोकरीचे चौकोन विणतो. चार साखळ्यांचे कडे करायचे, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, दोन गटांमध्ये दोन साखळ्या. तेच चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट, मधल्या फटीत एकेक. फेरी बदलली की रंग बदलायचा. म्हणूनच उरलीसुरली लोकर त्यात खपते. असे चौकोन जोडले की छान पांघरूण होते.

एका व्यापाऱ्याने लोकर त्याची आणि चौकोनामागे मजुरी पाच रुपये, असे सांगितले. कोणाला ते बरे वाटले, कोणाला कमी. वाद काही मिटेना. तेव्हा एकजण म्हणाली, ज्या गावच्या बाया पिढ्यान् पिढ्या हेच करतात, त्यांनाच जाऊन विचारू.

आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, गोदावरीच्या वसिष्ठ फाट्यावर हे गाव आहे. आपल्या नांदेडचेच पाणी तिथे समुद्राजवळ पोचते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इथे क्रोशाची लेस शिकवली. पहिल्या शिकणाऱ्या होत्या ख्रिस्ती झालेल्या माला आणि मादिगा समाजाच्या गरीब बाया, म्हणजे आपल्यासारख्याच वेशीबाहेरच्या. पुढे इतर जातींच्या घरांतही सुई गेली. व्यापार मात्र पुरुषांच्या हाती राहिला. २०२४ मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगली गोष्ट झाली.

एका ओट्यावर तीन बाया बसल्या होत्या. भाषेची पंचाईत, पण 'अक्का' हा शब्द दोन्हीकडे चालला. आमचा चौकोन थोरल्या बाईने हातात घेतला, उलटा केला, बोटाने खांब मोजले आणि हसली. त्यांचे काम बारीक सुती दोऱ्याचे; आमची लोकर तिला दोरखंडासारखी वाटली असणार! तिथे एकजण फुले विणते, दुसरी ती जोडते. अख्खी चादर एकीच्या हातून क्वचितच होते. शाळेत जाणाऱ्या नातीने मोडक्या हिंदीत सांगितले, की मजुरी संपलेल्या दोऱ्यावर मिळते. वेळ कोणी विचारत नाही.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी याच गावच्या बायांवर १९८२ साली पुस्तक लिहिले. बाया घर सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास विणत आणि दिवसाला रुपयाही पडत नसे, असे त्यात नोंदले आहे. माल परदेशी जाई, पण या कामगार म्हणून मोजल्या जात नसत. 'गृहिणी फावल्या वेळात विणतात' एवढेच म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी बाजू मांडली. पण जिला कामगारच म्हटले नाही, तिला रजा कोण देणार?

निघताना अक्काने विचारले, तुम्हाला एक चौकोन विणायला किती वेळ लागतो? आम्ही एकमेकींकडे पाहिले. कधी मोजलाच नव्हता.

परतल्यावर विहारातल्या घड्याळाकडे बघून विणले. सरावाच्या हाताला पस्तीस मिनिटे, नव्या मुलींना तासभर. म्हणजे आठ तास मान न उचलता बसले तरी सत्तर रुपयेसुद्धा होत नाहीत, आणि जोडणीचा वेळ यात धरलेलाच नाही. तो कागद आम्ही व्यापाऱ्यापुढे ठेवला. त्याने पाचाचे आठ केले. आम्ही अजून होकार दिलेला नाही.