पेपरमिंट कोळंबी आणि आमची दोन फुटी टाकी

कोळंबी म्हटली की आपल्या घरात सोडे आठवतात, कालवण आठवते. पण जी कोळंबी खायची नाही, उलट तिलाच खाऊ घालायचे, अशी कोळंबी आमच्या घरी आहे म्हटल्यावर ऐकणारा आधी हसतो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "वहिनी, बाजारात कोळंबीचा भाव काय झालाय आणि तुम्ही ती पोसता होय? तारापोरवाला घरी आणलं की काय?" मावशींचे काही चुकले नाही. तरीही या बोटभर प्राण्याने आमच्या घराला जे शिकवले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

आमचा थोरला बारावीनंतर एका फिश टँकच्या दुकानात कामाला लागला. काम म्हणजे लोकांच्या घरी, ऑफिसात, दवाखान्यात जाऊन टाक्या साफ करायच्या. बादल्या उचलायच्या, काचा पुसायच्या, पाणी बदलायचे. का बदलायचे ते विचारायचे नाही. दोन वर्षे अशीच गेली. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "आई, मी पाणी वाहतो, पण पाणी मला कळत नाही." ते आम्हाला लागले. ज्या कामावर पोट आहे त्याचे शास्त्र आपल्या हाती नसेल, तर आपण त्या कामात हमालच राहतो. म्हणून एका गिऱ्हाइकाने मोडीत काढलेली दोन फुटांची टाकी आणि लोखंडी स्टँड तो घरी घेऊन आला, तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिला जागा करून दिली.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे मीठ घातलेले पाणी नव्हे. घरचे मीठ चालत नाही, आणि मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणीही नको, कारण त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा उतरतो. टाकीसाठी वेगळे समुद्री मीठ मिळते. ते आरओच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मिसळायचे आणि हायड्रोमीटरवर काटा १.०२५ च्या आसपास आला की थांबायचे. उन्हाळ्यात रोज थोडे पाणी उडून जाते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची आणि आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे तेवढे खारे. एवढी एक गोष्ट कळली की निम्मे काम कळले. आमची धाकटी सातवीत आहे. रोजची खूण बघून भर घालण्याचे काम तिच्याकडे आहे आणि ती ते आमच्यापेक्षा नेमाने करते.

पाणी भरले की लगेच जीव सोडायचा नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस आमच्या टाकीत नुसते दगड आणि पाणी होते. आजी विचारायची, "मासे कधी यायचे रे बाबा?" थोरला म्हणायचा, "आधी घर बांधू दे, मग माणसं येतील."

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. रीफ म्हटले की लोकांना रंगीत प्रवाळ हवे असतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळांचा समावेश आहे. ते आपल्या समुद्रातून काढणे आणि विकणे गुन्हा आहे. आमच्या टाकीत प्रवाळ नाही. माणसाने बनवलेले सच्छिद्र दगड रचून त्यात कपारी केल्या आहेत. मासे दोनच, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश, तेही हॅचरीत वाढलेले.

दुसऱ्या टाकीत मुरलेला एक दगड थोरल्याने आणून ठेवला होता. महिन्याभरात त्यावर तपकिरी, काचेसारखी पारदर्शक फुले दिसू लागली. ती फुले नव्हेत, एप्टेशिया नावाचे समुद्रफूल, म्हणजे प्राणीच. आजूबाजूच्या जिवांना ते डंख करते. खरवडून काढावे तर मागे राहिलेल्या तुकड्यातून नवे उगवते. आजीने त्याला नाव दिले, 'गाजरगवत'. याहून नेमके नाव आम्हाला सुचले नसते. मोजली तेव्हा अकरा होती, पंधरा दिवसांनी वीसच्या वर गेली.

यावरचा उपाय म्हणजे पेपरमिंट कोळंबी. तिचे मूळ घर अमेरिकेच्या पूर्वेचा समुद्र, फ्लोरिडा, मेक्सिकोचे आखात आणि कॅरिबियन. लांबी दीड-दोन इंच. अंग पारदर्शक आणि त्यावर लाल रेघा, अगदी पेपरमिंटच्या गोळीसारख्या. म्हणून हे नाव. शास्त्रात १८५० पासून तिची नोंद आहे. पण एकाच नावाखाली अनेक जाती मोडत होत्या, हे २००६ मध्ये अभ्यासकांनी वेगळे करून दाखवले. त्यामुळेच सगळ्याच पेपरमिंट कोळंब्या हे गाजरगवत सारख्याच आवडीने खात नाहीत.

घेताना डोळे उघडे ठेवावेत. पाठीला कुबड असलेली, डोळे मोठे आणि लाल रेघांबरोबर ठळक पांढऱ्या रेघा असलेली कोळंबी याच नावाने खपवली जाते. ती उंटकोळंबी. तिची जात वेगळी आणि तोंड लागले तर ती मऊ समुद्री जीवच कुरतडते. शक्य असेल तर हौदात वाढवलेली कोळंबी मागावी, समुद्रातून पकडलेली नको. आमच्या दोन कोळंब्यांना आठवड्याच्या भाजीइतके पैसे पडले. ते थोरल्याने आपल्या ओव्हरटाइममधून दिले.

पिशवीतून थेट टाकीत सोडले तर पाण्यातल्या फरकाने त्या मरतात. थोरल्याने बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात सोडले. तासाभराने कोळंब्या टाकीत गेल्या, त्या थेट कपारीत. चार दिवस दर्शन नाही. ही जात रात्रीची. मग धाकटीने टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावला, कारण लाल उजेडाने त्या फारशा बुजत नाहीत. दिवे घालवून आम्ही सारे घर टाकीपुढे बसलो. एक कोळंबी बाहेर आली, लांब मिशा फिरवल्या आणि एका लहान फुलाला चिमट्यांनी कुरतडू लागली. त्या रात्री आजीसुद्धा अकरापर्यंत जागी होती.

माशांना घातलेले खाणे त्यांना आयते मिळाले तर त्या फुलांकडे ढुंकून बघत नाहीत. म्हणून खाणे हात राखून घातले. तीन आठवड्यांत लहान फुले संपली. तीन मोठी राहिली, ती त्यांच्या ताकदीबाहेरची. थोरल्याने चुन्याची दाट पेस्ट सुई-सिरिंजने त्यांच्या तोंडात सोडली, एका वेळी एकच, आणि पंप बंद ठेवून.

एका सकाळी धाकटी रडत आली, "कोळंबी मेली!" तळाशी मिशांसकट अख्खी कोळंबी पडलेली. पण ती कात होती. वाढताना कोळंबी जुने कवच टाकते, आणि नवे कवच टणक होईपर्यंत दोन दिवस लपून राहते, कारण तेव्हा ती कुणाचाही घास होऊ शकते. कात लगेच काढू नये. तिच्यातले क्षार त्यांच्याच कामी येतात.

आणखी नवल म्हणजे, ही कोळंबी आधी नर असते आणि पुढे एकाच वेळी नर व मादी दोन्ही होते. म्हणून आमच्या दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंडी दिसतात. पिल्ले रात्री सुटतात. पण त्यांना महिनाभर आणि त्याहूनही जास्त दिवस पाण्यात तरंगत अनेक अवस्था पार कराव्या लागतात. घरच्या टाकीत ती फिल्टरमध्ये जातात, नाहीतर माशांच्या पोटात.

कोळंबीला दोन गोष्टी विषासारख्या आहेत, तांबे आणि घरातला डासमारू फवारा. आमच्या खोलीत आता फवारा नाही, मच्छरदाणी आहे. तांब्याची गोष्ट थोरल्याच्या कामी आली. गेल्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या माशांवर पांढरे ठिपके उठले. मालक औषधाची बाटली ओतायला निघाले. थोरल्याने बाटलीवरचे वाचले आणि म्हणाला, "साहेब, यात तांबं आहे. टाकीतल्या कोळंब्या मरतील. मासे वेगळ्या टाकीत घेऊन मग औषध द्या." मालकांनी खात्रीसाठी दुकानात फोन लावला. दुकानानेही तेच सांगितले. त्यानंतर ते टाकीबद्दल काही विचारायचे झाले की आमच्या मुलाला विचारतात. पगार अजून तोच आहे. पण तो घरी आल्यावर बादलीबद्दल बोलत नाही, पाण्याबद्दल बोलतो.

आता त्याला संवर्धन शिकायचे आहे. नवी मुंबईत ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंब्या वाढवण्याचे प्रशिक्षण दिले गेले आहे. म्हणजे हा नुसता श्रीमंतांचा शौक नाही, यात शिकून उभे राहता येते.

ज्यांना हौस असेल त्यांनी आधी विजेचा, मिठाचा आणि आरओच्या पाण्याचा महिन्याचा हिशेब कागदावर मांडावा. वीज गेल्यावर हवा देणारा बॅटरीचा छोटा पंप जवळ ठेवावा. टाकी कुणाच्या एकट्याच्या गळ्यात घालू नये. घरातल्या प्रत्येकाने एक काम घ्यावे. आणि मुले 'असे का?' विचारू लागली तर त्यांना गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर त्यांच्याबरोबर बसून शोधावे. आमच्याकडे रात्री दिवे गेल्यावर सध्या तेच चालते.