साडेपाचशे वॉटचा माणूस

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसू नका, आपण पळण्याबद्दल बोलू.

सोलापुरात पळायचं म्हणजे सूर्याच्या आधी उठायचं. मे महिन्यात पाच किलोमीटर झाले की टी-शर्ट अक्षरशः पिळून घ्यावा लागतो. त्यामुळे बर्फावरच्या मॅरेथॉनचा विषय काढला की हॉस्टेलवर हमखास एकच उद्गार ऐकू येतो, "मजाच की! घाम तरी येत नसेल."

गंमत अशी की तिथं पळणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती घामाचीच असते!

आपण होऊ घातलेले इंजिनिअर, तेव्हा जरा हिशोब करू. पळताना दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी जाते. साठ किलोचा माणूस, ४२ किलोमीटर, म्हणजे झाल्या अडीच हजार. स्नायूंची एफिशियन्सी फार तर पंचवीस टक्के. बाकीची सगळी उष्णता. चार तासांत शर्यत संपवली, तर हे होतात जवळजवळ साडेपाचशे वॉट! हॉस्टेलमध्ये बंदी असलेल्या शेगडीची धाकटी बहीणच म्हणा ना.

सोलापुरात ही उष्णता घाम उडवून नेतो. उणे तीसमध्ये जास्त कपडे घातले, तर घाम कपड्यांत मुरतो आणि त्यांची ऊब जाते. पळतोय तोवर एक वेळ ठीक आहे. पण पाय मुरगळला आणि थांबावं लागलं, की साडेपाचशेचे शंभर वॉट होतात आणि अंगावरचे ओले कपडे गोठायला लागतात. म्हणून सुरुवातीला थोडं कुडकुडायला होईल इतकेच कपडे घालायचे. अंगाजवळ घाम ओढून घेणारा थर, मग लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. सुती काही नको, कारण सूत पाणी धरून ठेवतं. माझ्या आजीनं अर्थातच सोलापुरी चादर सुचवली. आजी, ती सुतीच असते गं!

आयर्लंडचा रिचर्ड डोनोव्हन २००२ साली दक्षिण ध्रुवावर मॅरेथॉन पळाला आणि त्याच वर्षी उत्तर ध्रुवावर एकटाच पळाला. पुढच्या वर्षीपासून तिथं रीतसर शर्यत सुरू झाली. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. दोन-तीन मीटर बर्फ आणि खाली खोल समुद्र, तोही बर्फ सतत सरकणारा. त्यावर छोट्या वर्तुळात फेऱ्या मारायच्या. २००७ मध्ये थॉमस मॅग्वायरनं ३ तास ३६ मिनिटांत हे अंतर कापलं. भुसभुशीत बर्फात पाय रुतत असताना ही वेळ म्हणजे कमालच.

असो. ध्रुवाचं विमानभाडं काही आपल्याला परवडायचं नाही. पण आपल्या देशातही असं पळता येतं. २० फेब्रुवारी २०२३ ला लडाखमध्ये गोठलेल्या पँगाँग तळ्यावर लुकुंगपासून मान गावापर्यंत ७५ जण २१ किलोमीटर पळाले. उंची १३,८६२ फूट, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठेक टक्के. एवढ्या उंचीवरच्या गोठलेल्या तळ्यावरची हाफ मॅरेथॉन म्हणून गिनीज बुकात नोंदही झाली. संयोजकांनी तिचं नाव ठेवलं ‘लास्ट रन’. हवा अशीच तापत राहिली तर हे तळं पुढं गोठणारच नाही, हे लोकांच्या कानावर घालायला.

हे नाव वाचलं आणि माझ्या डोक्यात तेच बसलं. मला तिथं पळायचंय. सुट्टीत घरी सांगितलं. आईनं पैसे विचारले. बाबांनी परीक्षेची तारीख विचारली आणि वर, "डिग्री हातात येऊ दे, मग कुठंही जा," म्हणाले. डिग्रीला अजून दोन वर्षं आहेत.

आजी तेवढी वेगळं बोलली. "आणि तो बर्फ फुटला म्हंजे गं?"

तिला तिथली थंडी समजावली, बर्फ पुरेसा जाड आहे का ते आधी तपासतात, हेही सांगितलं. तिचं समाधान झालं. पण माझी डिग्री होईपर्यंत तो दर फेब्रुवारीत तसाच जाड होत राहील का, हे तिनं विचारलं नाही म्हणून मी सुटले.