पालापाचोळ्याचा पाठ

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात विघटनाचे प्रकरण जेमतेम दोन पानांत आटोपते. आपल्या निवासी शाळेत ते शिकविताना मला भोजनगृहामागील खतखड्डाच अधिक उपयोगी पडत आला आहे. भाज्यांची देठे, केळीच्या साली, आवारातील कडुनिंबाचा पाला आणि वंदनेनंतर कोमेजलेली फुले, सारे तेथे जाते.

ओल्या-सुक्या कचऱ्याचे थर रचून शेणकाला शिंपडला, की काही दिवसांतच ढिगाच्या पोटातील तापमान पन्नास अंशांपलीकडे चढते. ती ऊब सूक्ष्मजीवांच्या श्वसनाची आहे, हे तापमापकावर पाहिलेल्या मुलाला व्याख्या घोकावी लागत नाही. हिरव्या पाल्यात नत्र अधिक, वाळलेल्या पानांत कर्ब अधिक. कर्ब तीस भाग तर नत्र एक भाग, हे प्रमाण बिघडले की ढीग दुर्गंधी सोडतो किंवा थंड पडून राहतो.

एका पालकसभेत एक वडील उभे राहिले. म्हणाले, “सर, आमच्या बापजाद्यांनी गावाची घाण उपसली. पोराला इथं धाडलं, ते पुन्हा कचरा उचलायलाच का?” सभा स्तब्ध झाली. प्रश्न रास्त होता. श्रमिकांचीच प्रतवारी लावणाऱ्या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमके बोट ठेवले होते. मी त्यांना आमचा शिरस्ता सांगितला. खड्ड्यावरची पाळी सर्वांना लागू, प्रारंभ शिक्षकांपासून. हातमोजे आणि फावडे सक्तीचे. शिक्षा म्हणून कोणालाही तेथे पाठवायचे नाही, आणि नोंदवहीवाचून कोणी जायचे नाही.

मग मी इंदूरची हकीकत सांगितली. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी तेथे शेतातील काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसविली व १९३१ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचायच्या आणि मग ढिगात घालायच्या, अशी त्यांची युक्ती होती. ते गृहस्थ कापूस पिकविणारे. दर उन्हाळ्यात पऱ्हाटी पेटवून देणारे. त्यांनी ती रीत दोनदा विचारून घेतली, पण मूळ प्रश्न मागे घेतला नाही.

तो त्यांनी मागे घेऊ नये, असेच मला वाटते. नवी तुकडी खड्ड्याशी येते, तेव्हा कर्ब-नत्राच्या आधी मी तोच प्रश्न तिच्यापुढे ठेवतो. हे काम कोण करते, कोणाच्या इच्छेने करते आणि त्याचे ज्ञान कोणाच्या वहीत उतरते, हे विचारल्याशिवाय निसर्गरक्षणाचा धडा अपुराच राहतो.