तळ बघा, तळ!

साकेच्या पेल्यांचं एवढं अफाट जग आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? मी काही पिणारी बाई नव्हे, घोटभर साके मला रात्रभर पुरते. पण पेले! अक्षरशः झपाटून गेलेय.

ठिणगी पडली ती एका साध्या पांढऱ्या ओचोकोमुळे, म्हणजे साकेच्या छोट्या पेल्यामुळे. आत तळाशी ठसठशीत निळी वर्तुळं, जानोमे. दिसायला नक्षी, पण आहे चक्क परीक्षेचं साधन! साके ओतायची, पांढऱ्यावर तिचा रंग कळतो आणि निळ्याच्या कडेवर ती किती नितळ आहे ते. जाणकार चवीआधी डोळ्यांनी पारख करतात ती अशी.

मग काय, क्योतोला गेले ती २१ तारीख साधूनच. तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या त्या दिवशी जुना बाजार भरतो. किमोनो, गंजकी कुलपं, बुद्धमूर्ती, आणि त्यात पेलेच पेले. लाकडी चौकोनी मासूसुद्धा, मूळचं तांदूळ मोजायचं माप, आपल्या मापट्याचं जपानी भावंडच. बाकी सगळं सोडून मी एका बिझेन पेल्यापाशी जी थबकले, ती हललेच नाही.

ओकायामाकडची ही भांडी. वर झिलई नाही, रंगकाम नाही. मातीचं भांडं पाइनच्या लाकडांवर कितीतरी दिवस भाजायचं, पुढचं सगळं आगीवर सोपवायचं. माझ्या हातातल्या पेल्यावर फिकट मातीवरून तांबडे पट्टे गेले होते, कुणी कुंचला झटकावा तसे. कुंचला कसला, भाताचा पेंढा! भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पेंढा घालायचे. भट्टीत तो जळून जातो, पण त्यातले क्षार मातीतल्या लोहाशी जुळतात आणि ही लाली मागे उरते. असे दोन पेले सारखे निघणारच कसे? उलटा करून बघितला तर तळाशी खरखरीत उघडी माती आणि कुंभाराची इवलीशी खूण. तेव्हापासून कुठेही पेला दिसला की मी आधी उलटा करते. (उपाहारगृहात रिकामा आहे ना, हे बघून!)

हागी गावचे पेले तर वापरता वापरता बदलतात. झिलईला बारीक तडे असतात, त्यांतून साके मुरते आणि वर्षागणिक रंग पालटतो. काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या संग्राहकांची मला म्हणूनच कीव येते. दर्दी लोक म्हणतात, तोक्कुरी (साके ओतायची सुरई) घ्यावी बिझेनची आणि गुइनोमी (साकेचा पेला) कारात्सूचा. म्हणजे आता कारात्सूही आलंच!

आणि हो, कोचीचे चेहऱ्यांच्या आकाराचे बेकुहाई पेले! एकाला तेंगू नावाच्या पिशाच्चाचं लांबलचक नाक, त्यामुळे तो खाली ठेवताच येत नाही; दुसऱ्याला भोक, बोटाने दाबून धरायचं. हेच चेहरे काढलेला भोवरा फिरवायचा, वर जो चेहरा येईल त्याचा पेला, आणि भोवऱ्याची दांडी ज्याच्याकडे वळेल त्याने तो रिता करायचा. मला हा संच हवाय, भोवऱ्यासकट, आणि माझ्या वाटणीची साके प्यायला कुणीतरी भिडूही.